तुम्ही विचारलंत म्हणून: अहो, ते धर्माचं पुस्तक आहे का?

मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी सुचवा म्हटलं की मी हटकून 'द ब्राँझ बो' सांगते आणि पुढचा प्रश्न ठरलेला, त्यात येशू आहे ना, मग ते धर्माचं पुस्तक नाही का?

येशू आहे, हो. पण हीरो तो नाही. हीरो दानिएल, गालील प्रांतातला अठरा वर्षांचा लोहार पोरगा, बापाला रोमनांनी क्रूसावर चढवलं आणि तेव्हापासून ह्याच्या डोक्यात एकच, रोमनांना हाकलायचं, म्हणून डोंगरात रोश नावाच्या म्होरक्याच्या टोळीत जाऊन राहिलाय. एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर यांचं हे पुस्तक १९६१ चं, १९६२ ला न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं बक्षीस, मिळालं, बाईंचं दुसरं. नाव दावीदाच्या स्तोत्रातलं, देव हातांना असं बळ देतो की पितळी धनुष्यही वाकतं. दानिएल आणि त्याचे दोस्त तीच आपली खूण ठरवतात.

मला मात्र लढाईपेक्षा लेआ आवडते. दानिएलची बहीण. बापाच्या त्या प्रकारानंतर तिने घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, गाव म्हणतं भुतांनी झपाटलीय. मागावर बसून सुरेख कापड विणते पण परका माणूस दिसला की आतल्या आत मिटते. आणि तीच हळूहळू बोलायला लागते, कुणाशी, तर दानिएल गावात परतून लोहारकी करायला लागतो तेव्हा घोडा घेऊन त्याच्या दुकानात येणाऱ्या तरुण रोमन शिपायाशी! दानिएलला कळल्यावर तो असा भडकतो की तिची सगळी सुधारणा एका क्षणात पाण्यात. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, खरंच.

खोट नाही असं नाही. लेआ बरी होते तो भाग घाईत उरकलाय, आणि परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा ज्यू पंथ) वगैरे मंडळी एकाच साच्यातली काढलीत, ज्यू वाचकांनी ह्यावर टीका केलीय आणि मला ती पटते. तेवढं मुलांशी बोलून घ्या.

भाच्याला दिलं होतं, बारा वर्षांचा आहे. येशूबद्दल एक अक्षर विचारलं नाही पठ्ठ्याने. चिडला तो रोशवर, दोन दिवस! दानिएलचा दोस्त जोएल त्या रोशसाठीच मासेविक्या बनून हेरगिरी करत होता ना, मग तो पकडला गेल्यावर हा जागचा हललासुद्धा नाही, असं कसं मावशी?