शून्यावर परत

तक्रार एका ओळीची होती. ‘तुमचा प्रोग्राम नापास काटा पास करतोय.’ सोबत स्क्रीनचा फोटो, तोही मोबाइलने तिरका काढलेला. मी माझ्या मशीनवर तोच फॉर्म उघडला, आकडे भरले, जतन केलं, सगळं व्यवस्थित. ‘रिप्रोड्यूस होत नाही’, म्हणजे माझ्याकडे तसं घडत नाही, असा शेरा मारून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केलं. जेमतेम दहा मिनिटांचं काम. हा शेरा आजवर किती वेळा मारला असेन, त्याचा हिशेब नको. पण त्या दिवशीचा शेरा अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमचा प्रोग्राम वजनकाटे तपासणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. काट्यावर प्रमाणित वजनं टप्प्याटप्प्याने चढवायची, प्रत्येक टप्प्याला काटा काय दाखवतो ते लिहायचं, मग वजनं उतरवत यायचं, आणि सगळं उतरवल्यावर रिकामा काटा शून्यावर परत येतो का ते बघायचं. बाहेरच्याला ही शेवटची पायरी उपचार वाटेल. प्रत्यक्षात कुरकुरणारा काटा तिथेच सापडतो. ताटाखाली काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर लोडसेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, थकलेला असतो, आणि आकडा खाली येता येता शून्याच्या अलीकडेच थांबतो. फॉर्मवर एकूण आठ रकाने. आठव्याचं नाव ‘शून्यावर परत’.

हे सगळं सी प्लस प्लस या भाषेत आणि डब्ल्यूएक्सविजेट्स या टूलकिटवर, म्हणजे खिडक्या-बटणं पुरवणाऱ्या तयार लायब्ररीवर, लिहिलेलं आहे. कोड एकदाच लिहायचा आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे बिल्ड करायचा. ही गोष्ट जुनी आहे. १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्टला एकच प्रोग्राम सन वर्कस्टेशनवर आणि विंडोजवर चालवायचा होता, त्यातून ही लायब्ररी जन्मली. नावातला ‘डब्ल्यू’ विंडोजचा, ‘एक्स’ युनिक्सवरच्या एक्स विंडोचा. आधी नाव डब्ल्यूएक्सविंडोज होतं. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून विंडोजचं विजेट्स झालं. ऑडॅसिटी किंवा फाइलझिला वापरलं असेल तर तुम्ही ही लायब्ररी नकळत हाताळलेली आहे.

हिचा एक स्वभाव मला पहिल्यापासून आवडतो. क्यूटीसारखं टूलकिट बटण स्वतः रंगवतं आणि ते त्या त्या सिस्टिमच्या बटणासारखं दिसेल याची काळजी घेतं. डब्ल्यूएक्स शक्य तिथे सिस्टिमकडूनच बटण मागून घेतं. विंडोजवर विंडोजचं, लिनक्सवर तिथल्या जीटीकेचं, मॅकवर तिथल्या कोकोआचं. त्यामुळे प्रोग्राम कुठेच उपरा वाटत नाही. ‘रद्द’ आणि ‘ठीक’ ही बटणं कुठल्या सिस्टिमवर कुठल्या क्रमाने लावायची, हेसुद्धा त्याला ठाऊक असतं. मात्र बटण मागून आणलं की त्याच्या सवयीही सोबत येतात, आणि त्या कुणी आपल्याला वाचून दाखवत नाही.

त्याच माणसाची दुसरी तक्रार आली. तीही बंद. या वेळी मी ऑफिसातल्या मॅकवर जाऊन तपासलं होतं, कारण फोटोतल्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात मॅकवर असतात तसे तीन रंगीत ठिपके होते. पहिल्या वेळी ते मी बघितलेच नव्हते. मॅकवरही बरोबर चाललं. तिसऱ्या वेळी त्याने व्हिडिओ पाठवला, शब्द एकही नाही. वैतागला असणार.

व्हिडिओ मी आणि आमच्या टीमचा सीनियर, दोघांनी मिळून बघितला. आठव्या रकान्यात तो ०.८ लिहितो. हात माऊसवर जातो. ‘जतन’वर क्लिक. दाखला उघडतो. शून्यावर परत : ०.००० ग्रॅम. निकाल : पास.

सीनियर म्हणाला, “अगं, हा टॅब का दाबत नाही?”

आमच्या धंद्यातला हा प्रश्न मला चीड आणतो. माणसाने आकडा लिहिला, बटण दाबलं. आणखी काय करायला हवं होतं त्याने, उदबत्ती लावायची? पण चिडायचा मला तरी काय अधिकार होता? मी स्वतः दोन्ही वेळा टॅब दाबूनच तपासलं होतं. बोटांना सवयच तशी आहे. आमच्या टेस्टरने लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या चाचण्याही तशाच. डब्ल्यूएक्समध्ये खोटे माऊस-कीबोर्ड चालवायची सोय आहे, ती वापरून त्याने प्रत्येक रकान्यात आकडा, मग टॅब, मग पुढचा रकाना असं लिहून ठेवलं होतं. आमचा रोबोसुद्धा आमच्यासारखाच शिस्तीचा. रोज रात्री चाचण्या हिरव्या.

मग मी कोडमध्ये जागोजागी लॉग टाकला. कुठला इव्हेंट, म्हणजे काही घडल्याची वर्दी, कधी येतो आणि त्या क्षणी फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, कुणाकडे आहे, एवढंच छापायचं. विंडोजवर आकडा लिहून माऊसने ‘जतन’ दाबलं की तीन ओळी उमटल्या. रकान्याचा फोकस गेला. बटणाला फोकस आला. बटण दाबलं गेलं. लिनक्सवर त्याच तीन. मॅकवर एकच ओळ. बटण दाबलं गेलं. रकान्यात कर्सर तसाच लुकलुकत होता.

मॅकवर माऊसने बटण दाबलं तरी फोकस बटणाकडे जात नाही, लिहिण्याच्या रकान्यातच राहतो. हा बग नाही, तिथली जुनी रीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती विंडोजच्या रीतीपेक्षा शहाणपणाची वाटते. बटण दाबून झाल्यावर लिहायला पुन्हा रकान्यात क्लिक करावं लागत नाही. गोची आमची होती. आमचा कोड रकान्यातला आकडा उचलायचा तो रकान्याचा फोकस गेल्याच्या इव्हेंटमध्ये. पहिले सात रकाने सुटायचे, कारण पुढच्या रकान्यात जाताना फोकस हलतोच. आठव्यानंतर जायला रकानाच नाही.

आकडा तिथे का उचलायचा, तर रकाना सोडता क्षणी मर्यादेबाहेरचा आकडा लाल दिसावा म्हणून. त्या हँडलरचा, म्हणजे तो इव्हेंट आला की चालणाऱ्या कोडचा, इतिहास मोठा आहे. माझ्या आधीच्या कुणीतरी तिथे लाल रंगाऐवजी इशाऱ्याची खिडकी उघडली होती. खिडकी उघडली की ती फोकस घेणार, बंद केली की तो परत रकान्यात, तिथून हलला की पुन्हा खिडकी. वापरणाऱ्याला बाहेरच पडता येईना. ती खिडकी काढून मी रंग आणला, इव्हेंट पुढे सोडायला विसरायचं नाही अशी ठळक टीप वर लिहिली, आणि त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन घरी गेले. आकडा तिथेच उचलला जातोय याकडे मात्र मी बघितलंही नाही. चालू होतं ना!

सीनियरने निकाल देऊन टाकला. “टूलकिटचा बग आहे. त्यांना कळव, आणि मॅकपुरता काहीतरी जुगाड कर.” मॅकवाले आमच्याकडे मोजके, त्यामुळे प्रकरण त्याच्या लेखी मिटलं होतं. मला पटलं नाही, तरी कळवायची तयारी केली. ओपन सोर्सवाल्यांना ‘आमच्याकडे चालत नाही’ असं सांगून भागत नाही. डब्ल्यूएक्ससोबत ‘मिनिमल’ नावाचा अगदी छोटा नमुना प्रोग्राम येतो. त्यातच चार ओळी घालून बग दाखवा असं ते म्हणतात. या अटीवर पूर्वी मी वैतागले आहे. आता नाही वैतागणार.

चार ओळी घातल्या. एक रकाना, एक बटण, तोच लॉग. मॅकवर एक ओळ आली. तुलनेसाठी विंडोजवर तेच चालवलं. त्या मशीनला आकड्यांचा वेगळा पॅड असलेला मोठा कीबोर्ड होता. उजवा हात पॅडवर होता, ०.८ लिहिलं आणि हाताशीच असलेलं एंटर दाबलं. विचार करून नाही, हात तिथे होता म्हणून.

एकच ओळ. बटण दाबलं गेलं.

मी ती ओळ बघत बसले. एंटर दाबलं की खिडकीचं मुख्य बटण दाबलं जातं, पण फोकस हलत नाही. लिनक्सवर करून पाहिलं, तिथेही तेच. म्हणजे यात मॅकचा काही संबंधच नव्हता. तिन्हीकडे, पहिल्या दिवसापासून, आठव्या रकान्यात एंटर मारणाऱ्या प्रत्येकाचा आकडा हवेत जात होता. चार वर्षं.

आणि एंटरची ती वाट आम्हीच घालून दिली होती. दिवसभर आकडे भरणारा माणूस टॅबला हात लावत नाही. टॅब कीबोर्डच्या डाव्या टोकाला, त्याचा हात उजव्या टोकाला. तंत्रज्ञांनी मागणी केली म्हणून पहिल्या सात रकान्यांत एंटर मारलं की पुढच्या रकान्यात जायची सोय मी केली. आठव्याला ती मुद्दाम ठेवली नाही, म्हणजे शेवटच्या एंटरला थेट ‘जतन’ होईल. काय कौतुक झालं होतं तेव्हा! पॅडवरून हात न उचलता पूर्ण काटा नोंदवता येतो म्हणून.

मग चार वर्षं कुणी ओरडलं कसं नाही? हे कळलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. आठव्या रकान्यात आधीपासून ०.००० भरलेलं असायचं, टंकायचे कष्ट वाचावेत म्हणून. चांगला काटा शून्यावरच येतो. त्यामुळे आकडा हरवला की त्या जागी कचरा येत नव्हता, येत होता सगळ्यात चांगला आकडा. दुसऱ्या कुठल्याही रकान्यात असं झालं असतं तर आठवड्यात बोंब झाली असती. इथे प्रोग्राम गप्प राहून प्रत्येक काट्याला शेवटच्या विषयात पैकीच्या पैकी मार्क देत होता. मॅकवाल्याच्या लक्षात आलं, कारण तो काटा नापास आहे हे त्याला हाताने ठाऊक होतं. बाकीच्यांनी दाखला छापला, सही केली, पुढचा काटा घेतला.

दुरुस्तीला दुपारसुद्धा लागली नाही, आणि तीच जास्त लाजवते. प्रत्येक रकान्याला व्हॅलिडेटर, म्हणजे आकडा तपासून आत घेणारा कोड, जोडायचा आणि जतन करताना खिडकीला सांगायचं की सगळ्या रकान्यांतले आकडे आत्ता तपासून आत घे. फोकस कुठेही असो. ही यंत्रणा डब्ल्यूएक्समध्ये आधीपासून आहे. इतकंच काय, डायलॉगमध्ये बटणाला त्यांचा ठरलेला ‘ओके’चा आयडी दिला असता तर हे सगळं न सांगता झालं असतं. आम्हाला ‘जतन करून पुढचा काटा’ असं बटण हवं होतं, म्हणून स्वतःचा आयडी, स्वतःचा हँडलर, स्वतःची अक्कल. टूलकिटला कळवायला घेतलेला बग मी पुसून टाकला. फोकसकडे आता फक्त रंग बदलायचं काम आहे. आठवा रकाना रिकामा उघडतो आणि रिकामा असला तर जतन होत नाही. यावर दोन तंत्रज्ञांची तक्रार आली आहे की उगाच काम वाढवलं.

जुन्या नोंदींचं मात्र काही करता येत नाही. टाइप केलेला ०.००० आणि हरवलेल्या आकड्याच्या जागचा ०.००० डेटाबेसमध्ये एकसारखाच. रकाना माणसाने हाताळला की नाही हे टूलकिट विचारलं तर सांगतं, एका ओळीचा प्रश्न आहे. आम्ही कधी विचारलंच नाही.

नव्या आवृत्तीच्या सूचनेत वरिष्ठांनी लिहिलं : ‘काही परिस्थितीत शेवटच्या रकान्यातील मूल्य जतन न होण्याची समस्या दूर केली.’ ‘काही परिस्थितीत’ म्हणजे एंटर दाबल्यावर, असं लिहा म्हणून मी दोन बैठका भांडले. शेवटी ‘एंटर’ हा शब्द आत आला. ‘जुने दाखले तपासून घ्या’ हे वाक्य आलं नाही. ‘घबराट होईल’ असं कारण देण्यात आलं.

एका संध्याकाळी मी नोंदी तंत्रज्ञानुसार लावून पाहिल्या. बहुतेकांच्या आठव्या रकान्यात थोडी चढउतार दिसते, ०.००१, ०.००३, मधूनच शून्य. काहींच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ०.०००. एकही अपवाद नाही. असू शकतात त्यांचे काटे चांगले.

पहिलं तिकीट मी पुन्हा उघडलं, माझा शेरा खोडला, काय झालं होतं ते सविस्तर लिहिलं आणि त्या माणसाची माफी मागितली. त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. पुन्हा एकच ओळ.

‘बरं झालं. पण मॅडम, आधी पास केलेल्या काट्यांचं काय?’

ते तिकीट अजून उघडंच आहे.