एका कोपऱ्यातली दुसरी गाठ

आजचा दिवस एकाच बायोप्सीत गेला. जठरातला तुकडा, वर सरळसरळ ग्रंथीपेशींचा कर्करोग, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमा. रिपोर्ट तिथेच संपला असता. पण एका कोपऱ्यात ग्रंथी नाहीतच; पेशींचे घट्ट पुंजके, त्यांची केंद्रकं बारीक दाणेदार. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या, चेतापेशींसारख्या) पेशी ओळखणारे रंग, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन, लावले आणि तेवढाच कोपरा तपकिरी उठला.

म्हणून लगेच ‘मिनेन’, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन आणि दुसरा (इथे ग्रंथींचा) घटक असलेली मिश्र गाठ, असं लिहायचं नाही. दोन्ही घटक किमान 30 टक्के हवेत, आणि हे माप पूर्ण काढलेल्या गाठीवरच खात्रीने कळतं. न्यूरोएंडोक्राइन भाग बहुतेकदा खोल असतो, एंडोस्कोपीचा चिमटा वरवरचं घेतो. बायोप्सीवर ‘दोन्ही घटक दिसतात’ एवढंच लिहावं. ग्रंथींत चार पेशी तपकिरी दिसल्या तर त्या मोजायच्या नाहीत, रचनाही तशी हवी. केआय-67, म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशींचं प्रमाण, दोन्ही भागांत वेगळं मोजावं.

आपल्याकडचा खरा घोळ तुकडा पाठवायच्या बाटलीत. परभणी-हिंगोलीच्या उन्हात सलाइनमध्ये आलेला तुकडा वाटेतच विरतो, मग कुठलाच रंग नीट चढत नाही. तुकडा टिकवायला 10 टक्के बफर्ड फॉर्मालिन हवं, तुकड्यांच्या दहापट, किमान 6 तास. आणि तुकडे सहा-आठ तरी घ्या हो, दोनावर काय सांगणार!