हिरोच्या मागची खिडकी

सिनेमा बघताना हल्ली माझं लक्ष हिरोपेक्षा त्याच्या मागच्या खिडकीकडे जास्त असतं. नाहीतर टेबलावरच्या दिव्याकडे. हे फिल्मवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रिळावर, शूट केलंय की डिजिटलवर, ते चेहऱ्यावरून पटकन कळत नाही कारण चेहऱ्यावर सगळ्यांनीच मेहनत घेतलेली असते, कळतं ते उजेड जिथे अति झालाय तिथे. फिल्म निगेटिव्ह जास्तीचा उजेड मुकाट सोसत जाते, उजेड वाढतो तसा तिचा प्रतिसाद कमी कमी होत जातो आणि खिडकी टप्प्याटप्प्याने पांढरी होते, म्हणजे बाहेरचं आभाळ, पडद्याची कड, काहीतरी उरतंच. डिजिटल सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपचा, हिशोब रोखठोक, पिक्सेल भरला की भरला, पुढे नुसता सपाट पांढरा डाग. सुरुवातीच्या डिजिटल सिनेमांत तर कपाळावरची चमकसुद्धा अशी कापून चिकटवल्यासारखी दिसायची. २०१० मध्ये ॲरी कंपनीचा अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला आणि हे बरंच सुधारलं, पण अंधारात सावरून घेण्यात डिजिटल तरबेज आणि उजेडात फिल्म, हे ढोबळमानाने अजून खरं आहे.

दिव्याभोवती कधी कधी तांबूस वलय दिसतं ना, ते मला फार आवडतं. उजेड फिल्मच्या थरांतून आरपार जातो, मागे आपटून परत फिरतो, आणि कलर निगेटिव्हमध्ये लाल टिपणारा थर सगळ्यात खाली असल्याने परतताना पहिला तोच सापडतो. म्हणून लाल. खरं म्हणजे हा दोष! तो होऊ नये म्हणून सिनेमाच्या निगेटिव्हच्या पाठीला वर्षानुवर्षं काळा थर लावत आले, तरी थोडंसं निसटायचंच. आणि आता स्वच्छ डिजिटल शॉटवर तेच वलय सॉफ्टवेअरने मुद्दाम चढवतात.

ग्रेनची, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणाची, गोष्टही तशीच. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे कण असतात (कलरमध्ये प्रोसेसिंगच्या वेळी चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ढग राहतात) आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडलेले असतात, सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे २४ वेगवेगळे सडे, त्यामुळे साधी रिकामी भिंतसुद्धा पडद्यावर सळसळत असते. डिजिटलमध्ये पिक्सेलची जाळी जागची हलत नाही. भिंत गप्प.

पण म्हणून डिजिटल वाईट असं मी म्हणणार नाही. दिग्दर्शक मायकल मानचा २००४ चा कोलॅटरल बघा. त्यातली लॉस एंजेलिसची रात्र बहुतेक डिजिटलवर आहे, शहराच्या दिव्यांनी उजळलेलं ते मळकट आभाळ फिल्मवर आलं असतं तर जवळजवळ काळंच आलं असतं. चित्र जरा व्हिडिओसारखं दिसतं, दिसू दे, मला आवडतं.

आणि फिल्मवाल्यांना एक विचारावंसं वाटतं, तुम्ही नेमकं कशाला फिल्म लुक म्हणताय? कोएन बंधूंचा २००० चा ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ फिल्मवरच शूट झालेला, पण मिसिसिपीतली हिरवीगार झाडं कॉम्प्युटरवर पिवळट करून टाकली. उलट २०२१ चा ड्यून डिजिटलवर शूट केला, मग फिल्मवर उतरवला आणि ती फिल्म पुन्हा स्कॅन केली! आता याला कुठल्या खात्यात टाकायचं, सांगा.

माझ्या मते अर्धा फरक सवयीचा आहे. ३५ एमएमचा १००० फुटी रोल साधारण ११ मिनिटांत संपतो, प्रत्येक फुटाला पैसे, मॉनिटरवर खरं चित्र दिसत नाही, सिनेमॅटोग्राफर लाइट मीटर आणि अनुभवाच्या भरवशावर, रशेस, म्हणजे शूट केलेलं धुऊन आलेलं चित्र, येणार दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा. मग रिहर्सल होते, लाइट नीट लागतात. डिजिटलमध्ये मेमरी कार्डवर शूट करताना कॅमेरा चालूच ठेवता येतो आणि मग 'ग्रेडिंगमध्ये (नंतर कॉम्प्युटरवर रंग-उजेड ठीक करताना) बघू' सुरू होतं. आजकालच्या कित्येक सिरीज राखाडी, अंधाऱ्या, डाळीचं पाणी झाल्यासारख्या दिसतात त्याचं खापर बिचाऱ्या सेन्सरवर का फोडायचं.

सगळ्यात गंमत स्ट्रीमिंगमध्ये. दर फ्रेमला बदलणारा ग्रेन कॉम्प्रेशनला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याला, अजिबात झेपत नाही, डेटा नुसता फुगतो. म्हणून एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये अशी सोयच आहे की खरा ग्रेन आधी पुसून टाकायचा, तो कसा होता याचं वर्णन तेवढं सोबत पाठवायचं, आणि आपल्या टीव्हीने किंवा फोनने त्यावरून तसाच दिसणारा नवा ग्रेन जागच्या जागी बनवून चित्रावर टाकायचा. म्हणजे कोणी हट्टाने, खर्च करून फिल्मवर शूट केलं तरी घरी आपण बघतोय तो ग्रेन टीव्हीनेच आत्ता पाडलेला असू शकतो, आणि खरं सांगू, तो बराच चांगला दिसतो.