संगमावरून ड्रोनला काय दिसते?
पुण्यात मुळा आणि मुठा जिथे एकत्र येतात, तिथला तरंगता कचरा ड्रोनने मोजण्याची कल्पना मला पटते. मात्र तिच्याकडून अवास्तव अपेक्षा नकोत. डोक्यावरचे ऊन पाण्यावर चमकले की छायाचित्रात बाटली आणि फेस यांतला फरकच उरत नाही, म्हणून सूर्य तिरपा असताना उड्डाण केलेले बरे. अवरक्त कॅमेऱ्यात पाणी काळे दिसते आणि जलपर्णी लख्ख उजळते, त्यामुळे तिच्यात अडकलेल्या पिशव्या वेगळ्या ओळखणे काहीसे सोपे होते. तळाशी रुतलेले प्लॅस्टिक आकाशातून दिसत नाहीच. त्यासाठी जाळेच टाकावे लागते. लोहगावचा विमानतळ जवळ असल्याने २०२१च्या ड्रोन नियमांनुसार परवानगी पावसाळ्याआधीच काढावी, कारण पहिल्या पुरात हाच कचरा भीमेतून उजनीकडे निघतो.