पहिला कार्व्हिंग बोर्ड: बुटापासून उलटी सुरुवात

मंडळी, कार्व्हिंगचा, म्हणजे न घसरता कडेवर वळणं कापायचा, स्नोबोर्ड आला एकदाचा. लांबी १६३ सेंमी, कंबर (मधली सर्वांत अरुंद रुंदी) २० सेंमी, साइडकटची, म्हणजे कडेच्या आत वळलेल्या कमानीची, त्रिज्या १०.५ मीटर. दोन महिने ज्या १७८ सेंमीच्या जुन्या रेस बोर्डावर डोळा ठेवून होतो, तो सोडला. स्वस्तात मिळत होता, म्हणून जरा जिवावर आलं.

सोडला त्याचं कारण आमचा डोंगर. मी म्युनिकहून ट्रेनने लेंगग्रीसला जातो, तिथल्या ब्राउनेक डोंगरावर. शनिवारी अकरा वाजले की तिथे पोरांचे क्लास, स्लेजवाले, सगळी जत्रा. बोर्ड जितका कलवाल तितकं वळण आवळतं: साइडकटची त्रिज्या गुणिले कलण्याच्या कोनाची कोसाइन. ४५ अंशांवर माझा बोर्ड साडेसात मीटरच्या त्रिज्येत फिरतो, म्हणजे अर्धवर्तुळाला पंधरा मीटर रुंदी लागते. त्या रेस बोर्डाची त्रिज्या १५ मीटर, त्याला एकवीस लागले असते, वर वेगही जास्त. २०१८ मध्ये प्याँगचांग ऑलिंपिकला एस्टर लेडेत्स्काने स्कीवर सुपर-जी आणि बोर्डवर पॅरलल जायंट स्लॅलम, दोन्ही शर्यतींत सुवर्ण मारलं. ते व्हिडिओ बघूनच लांब बोर्डाचं वेड लागलं होतं. पण बाईंना उतार मोकळा करून मिळतो!

खरं तर खरेदी बुटापासूनच करावी. माझे हार्डबूट (कडक प्लास्टिकचे बूट) २६.५ मापाचे, सेकंडहँड. एवढ्या अरुंद बोर्डावर पाय आडवे ठेवले तर चवडा आणि टाच बाहेर लोंबतात. बोर्ड कलला की बूट आधी बर्फाला टेकतो, एज (बोर्डाची धारदार कड) उचलली जाते आणि आपण आडवे. म्हणून स्वयंपाकघरात मास्किंग टेपच्या दोन समांतर पट्ट्या मारल्या, २०.५ सेंमी अंतरावर (बाइंडिंगपाशी, म्हणजे बूट बोर्डाला अडकवतात तिथे, बोर्ड कमरेपेक्षा अर्धा सेंटिमीटर रुंद भरतो), आणि बूट घालून मध्ये उभा राहिलो. पाय आडवे म्हणजे शून्य, बोर्डाच्या लांबीत सरळ म्हणजे ९० धरलं, तर ५५ अंशांवर दोन्हीकडे सेंटिमीटरभर बाहेर. ६० ला जेमतेम आत. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. "घरात बूट घालून काय उभा आहेस रे?" काय सांगणार? शेवटी पुढचा पाय ६३, मागचा ६०.

बाइंडिंगचा प्रश्न बुटांनीच सोडवला. इंटेक स्टेप-इनला (नुसता पाय दाबला की अडकणारी बाइंडिंग) टाचेत पिना असलेली वेगळी हील लागते, माझ्या बुटांना साधी आहे. म्हणून एफ-टू कंपनीची साधी, पुढे खटका असलेली घेतली. बॉम्बर कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची जड आणि कडक, नवशिक्याच्या गुडघ्यांना ती नकोत असं माझं मत. इथले जुने खेळाडू भांडतील, भांडोत. पुढच्या चवड्याखाली आणि मागच्या टाचेखाली पाचर घातली, त्याने गुडघे आपसूक वाकतात.

पहिल्याच दिवशी लिफ्टच्या रांगेत पुढचा खटका फटकन उघडला. चूक माझी: कडी एक आटा सैल राहिली होती. उतारावर झालं असतं तर पायाची काही खैर नव्हती. आता घरीच बूट अडकवून टाच जोरात वर ओढून बघतो. दोन फेऱ्यांनी स्क्रूही सैल झाले होते, तेव्हा पेचकस खिशात असू द्या.

आणि कार्व्हिंग? चवड्याच्या बाजूचं वळण जमलं. थांबून मागे पाहिलं तर सकाळी यंत्राने सपाट केलेल्या ताज्या रेघाळ बर्फात करकटकाने ओढल्यासारखी एक बारीक, खोल चर. पाच मिनिटं तिथेच उभा होतो बघत. टाचेच्या बाजूला मात्र खराट्याने झाडल्यासारखा फराटा, हातभर रुंद. मी बहुतेक मागे बसतोय आणि खांदे उताराकडे वळवत नाहीये. पुढच्या शनिवारी मागची पाचर एक नंबर वाढवून पहिल्या लिफ्टने वर जाणार आहे, जत्रा भरायच्या आत.