चार फुटी रॅस टँक : पहिल्या बावीस आठवड्यांच्या नोंदी

रॅस (समुद्रातले रंगीत मासे) ठेवण्यासाठीच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं माप १२० × ६० × ५५ सेंमी. खडक आणि वाळू वजा जाता पाणी ३३० लिटरच्या आसपास, खाली ८० लिटरचा संप (गाळणीची टाकी). तापमान २५.५ अंश, घनता १.०२५, केएच (पाण्याची क्षारता) ८, नायट्रेट १० पीपीएम. पाणी भरून आठ महिने झालेत आणि काचेवर रात्री टॉर्च मारली की कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) वळवळताना दिसतात. हे शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, कारण माझ्या माशांच्या यादीत हे जीव टिपून खाणारा लेपर्ड रॅस आहे.

दुकानात रॅस बघताना पहिला प्रश्न असतो, 'शांत आहे ना?' त्या उत्तरावर निवड करू नये. हा रात्री कुठे झोपतो, दिवसा कुठल्या थरात पोहतो आणि काय खातो, हे विचारावं. फेअरी (सिऱ्हिलॅब्रस) आणि फ्लॅशर (पॅराकायलिनस) खडकाच्या कपारीत झोपतात, दिवसभर मधल्या पाण्यात तरंगतं अन्न टिपतात. लेपर्ड (मॅक्रोफॅरिंगोडॉन) आणि हॅलिकोरीस वाळूत शिरून झोपतात आणि दिवसा खडक-वाळू टोचत फिरतात. पॉसम (वेटमोरेला) कपारीतच राहतो, सावलीत, सावकाश. झोपायची जागा, थर आणि खाणं तिन्ही जुळलं, वर अंगाचा आकार आणि रंगही सारखा असला, की त्या दोघांत भांडण होणारच. पिवळा हॅलिकोरीस क्रायसस आणि त्याच्यासारखाच पिवळ्या पाठीचा ल्युकोझँथस एकत्र न ठेवण्याचं कारण हेच.

ठरलेली यादी, सोडायच्या क्रमाने: पॉसम एक, ब्लू स्टार लेपर्डच्या (बायपार्टिटस) दोन माद्या, मॅकॉस्कर फ्लॅशरचा एक नर आणि दोन माद्या, एक्स्क्विझिट फेअरीचा एक नर, आणि शेवटी क्रायसस एक. बुजरे आधी, दांडगे नंतर.

सिक्सलाइन यादीत नाही. सात-आठ सेंमीचा, स्वस्त, देखणा मासा आहे, त्यामुळे बहुतेकांच्या टँकमध्ये तोच पहिला येतो आणि तिथेच गणित बिघडतं. तो अख्ख्या खडकाला आपलं घर समजतो. नंतर आलेल्या प्रत्येक रॅसला संध्याकाळी झोपायची कपार शोधायची असते, आणि नेमका तेव्हाच हा त्याला हाकलत राहतो. या मापाच्या टँकमध्ये तो शेवटी सोडला तरी पॉसम आणि फ्लॅशरबरोबर नको. मून रॅस (थॅलासोमा) आणि कोरिस गेमार्ड यांचा विचारच केला नाही. गेमार्डचं पिल्लू लाल अंगावर पांढरे ठिपके घेऊन मोहात पाडतं, पण पुढे फूटभर वाढतं आणि कोरल चिकटवलेले दगड उलटवतं. क्लीनर रॅसही नको. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी हेच त्याचं खाणं. घरच्या टँकमध्ये ते पुरत नाही, आणि बहुतेक वेळा तो हळूहळू खंगत जातो. तो विकत न घेणंच त्याच्या भल्याचं.

तयारीचे तीन आठवडे

वाळू ०.५ ते १ मिमीची अरॅगोनाइट (चुनखडीची), पुढच्या १२० × ३५ सेंमीच्या पट्ट्यात ६ सेंमी खोल. हिशेबाने २५ लिटर, म्हणजे साधारण ३५ किलो. मागे खडकाखाली जेमतेम २ सेंमी. जाड, टोकदार कोरल चुरा अजिबात नको. त्यात घुसताना लेपर्डचं तोंड आणि पोट खरचटतं, आणि एकदा तोंड सुजलं की तो खायचं सोडतो. खडक आधी तळाच्या काचेवर बसवले, मग वाळू ओतली. नाहीतर वाळू उकरली गेली की खडक खचतो आणि खाली झोपलेला मासा चिरडतो.

झाकण: मच्छरजाळीच्या खिडक्या करणाऱ्याकडून पावडर कोटिंगची ॲल्युमिनियम चौकट करून घेतली, पण मच्छरजाळीऐवजी तिच्यात ६ मिमी छिद्रांची पारदर्शक नायलॉन जाळी रबराने ताणून बसवली. मच्छरजाळी उजेड अडवते आणि तिच्यावर मिठाचा थर धरतो. रिटर्न पाइप आणि वेव्हमेकरच्या (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या) वायरीसाठी कापलेल्या खाचा १ सेंमीच्या आत ठेवल्या. रॅस बहुतेक वेळा दिवे एकदम गेल्यावर किंवा पाठलाग झाल्यावर उडी मारतो. म्हणून दिवे ६० मिनिटांत हळूहळू उतरतात, आणि वीज गेली तर छोटा निळा दिवा आणि एअर पंप इन्व्हर्टरवर चालू राहतात.

निवड आणि क्वारंटाइन

दुकानात मासा दहा मिनिटं नुसता बघावा. फेअरी-फ्लॅशर खोल पाण्यातून घाईने वर काढलेले असतील तर शेपूट वर करून, सतत कल्ल्याजवळचे पर मारत तोल सांभाळतात. तो मासा घेऊ नये. लेपर्डचं तोंड जवळून पाहावं, कारण वाळू नसलेल्या पिशवीत ते प्लॅस्टिकला तोंड घासत राहतात. पाठीकडून पाहिल्यावर डोक्यामागचा भाग खोल गेलेला असेल तर मासा बरेच दिवस उपाशी आहे. समोर खायला घालायला सांगावं आणि खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

क्वारंटाइन ६० लिटरमध्ये, ३० दिवस. वाळूत झोपणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या डब्यात ५ सेंमी सिलिका वाळू. अरॅगोनाइट तिथे चालत नाही, कारण ती तांबं (परजीवींवरचं औषध) शोषून घेते आणि औषधाची मात्रा रोज खाली येत राहते. चिलेटेड तांबं २ पीपीएमपर्यंत न्यायला पाच दिवस घेतले, रोज मीटरने मोजून. अंगावरच्या फ्लूकसाठी (चपटे परजीवी किडे) प्राझिक्वांटेल लिटरला २.५ मिग्रॅ, सात दिवसांनी दुसरा डोस. त्या दिवसांत पाण्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून दोन एअरस्टोन. प्राझी टाकल्यावर काही रॅस दोन-तीन दिवस कमी खातात. डोस वाढवायची घाई करू नये.

आठवडा १ ते ४

पॉसम टँकमध्ये गेला तो थेट खडकाच्या मागच्या बोगद्यात. तीन दिवसांनी दिसला.

लेपर्डच्या दोन माद्या आठवडा २ मध्ये, ७ आणि ५ सेंमीच्या. मुद्दाम लहान-मोठ्या घेतल्या, सारख्या मापाच्या असतील तर आपसातली उतरंड ठरायला वेळ लागतो. मोठी सोडल्यावर दहा सेकंदांत वाळूत गेली आणि चार दिवस वर आली नाही. इथेच बहुतेकांचा हात शिवशिवतो आणि वाळू उकरली जाते. उकरू नये. घाबरलेला मासा आणखी खोल जातो, खडकाखाली अडकतो. त्याऐवजी रोज अमोनिया मोजावा आणि नॅसॅरियस शंखांवर लक्ष ठेवावं. मेलेल्या मांसाचा वास लागला की ते एकाच जागी गोळा होतात. इथे अमोनिया शून्य, शंख आपापल्या जागी. पाचव्या सकाळी आधी डोळे वर आले, मग तोंड, आणि मिनिटभर ती तशीच, नुसते डोळे फिरवत. मग बाहेर येऊन खडक टोचायला लागली. ताजा उबवलेला आर्टेमिया (कोळंबीसारखे इवले जीव) दिल्यावर ती खायला लागली, सातव्या दिवशी गोठवलेला मायसिस (त्याहून मोठा, कोळंबीसारखाच जीव) घेतला. तेव्हापासून खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं.

आठवडा ६ ते ९

फ्लॅशर. माद्या आणि नर एकत्रच बॉक्समध्ये. बॉक्स म्हणजे २५ × १५ × १५ सेंमीचा, भोकं पाडलेला ॲक्रिलिकचा डबा, आतून काचेला टांगलेला. चार दिवस आत ठेवून मग सोडलं. माद्यांशिवाय फ्लॅशर नर घेऊ नये, पर पसरून दाखवायला कोणी नसलं की त्याचा रंग उतरत जातो. आता रोज दिवे उतरायच्या तासभर आधी मॅकॉस्करचा नर पाठीवरच्या पराचा लांब दोर उभा करून माद्यांसमोर झपकन तिरपा निघून जातो, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात अंगावरच्या निळ्या रेघा पेटल्यासारख्या दिसतात.

रात्री लाल टॉर्चने कपारीत पाहिलं तर झोपलेला फ्लॅशर सापडतो. भोवती पातळ, काचेसारखी चिकट पिशवी, तिच्यावर अडकलेले वाळूचे दोन-चार कण, आत मासा तिरका, आणि श्वासाबरोबर पिशवी किंचित हलते. सकाळी खडकाला लोंबणारी जेलीसारखी चिंधी म्हणजे हीच. ती पाहून आजार समजून औषध टाकू नये. हिरवा ब्रिटल स्टार (ताऱ्यासारखा, लांब हातांचा प्राणी) मात्र या टँकमध्ये कधीच नको, तो झोपलेले मासे धरतो.

आठवडा ११ : इथे चुकलं

फेअरीचा नर चार दिवस बॉक्समध्ये होता. पहिल्या दिवशी फ्लॅशर नराने बाहेरून पर फुगवले, तिसऱ्या दिवशी दुर्लक्ष केलं. सगळं ठीक होतं. पण बॉक्स उघडला तो संध्याकाळी, नेमका फ्लॅशर नर माद्यांसमोर मिरवत असताना. त्याच पाण्यात परका नर. दोन दिवस फ्लॅशर कोपऱ्यात, शेपटीचा पर फाटलेला, आणि आता पाठलाग करणारा होता फेअरी, कारण अंगाने तो दीडपट.

उपाय: फेअरी परत बॉक्समध्ये चार दिवस. टँकच्या दुसऱ्या टोकाला बाहेरून १५ सेंमीचा आरसा, दिवसाला दोन तास. त्यामुळे पाठलाग करणाऱ्याचा राग आपल्याच प्रतिमेवर निघतो. पुढच्या डाव्या बाजूचा एक दगड काढून मधलं मोकळं पाणी वाढवलं. दुसऱ्या वेळी बॉक्स सकाळी, पहिल्या खाण्याबरोबर उघडला. सगळे खाण्यात गुंतलेले, आणि नव्या माशाला कपार शोधायला अख्खा दिवस हाताशी. आठवडाभरात पाठलाग संध्याकाळच्या दोन-चार झडपांवर आला. फ्लॅशरचा पर तीन आठवड्यांत भरून आला. कपारीत झोपणाऱ्यांसाठी यापुढे बॉक्स सकाळीच उघडायचा.

आठवडा १५ ते २२

क्रायसस शेवटी. वाळूत झोपणारा असल्याने बॉक्समध्ये ४ सेंमी वाळूची वाटी आणि मुक्काम एकच दिवस. लेपर्डनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो वाळूच्या उजव्या टोकाला झोपतो, त्या डाव्या. ट्रायडॅक्ना शिंपल्यावर बसणारे बारीक पिरॅमिड शंख आणि चपटे किडे तो टिपतो. मात्र छोटे फेदर डस्टरही (नळीत राहणारे, पिसाऱ्याचे किडे) संपवतो, ते जपायचे असतील तर हा मासा घेऊ नये.

आठवडा २० पासून मोठ्या लेपर्डच्या गालावर हिरवट रेघा उमटायला लागल्यात आणि पोटाचा काळा भाग फिकट होतोय. रॅस मादी म्हणून वाढतात आणि गटातली मोठी मादी नर होते, त्यामुळे हे अपेक्षित होतं. दुसरी अजून ६ सेंमीची आणि पूर्ण मादीच्या रंगात आहे. म्हणून बाहेरून लेपर्डचा नर आणायचा नाही, आणि दर रविवारी सकाळी अकराला त्याच कोनातून फोटो घ्यायचा.

माशांची भर आता थांबवली आहे. या आठवड्याचं काम एकच: झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातलं रबर सुटून दोन सेंमीची फट पडली आहे. तात्पुरती क्लिप लावली आहे, नवं रबर शनिवारी बसेल.