स्ट्रोक्सटाउनचा वाडा आणि कचेरीतली रद्दी

स्ट्रोक्सटाउन पार्कमध्ये सासूबाई सगळ्यात जास्त वेळ रमल्या त्या स्वयंपाकघरात. ॲथलोनहून गाडीने पाऊण-एक तासावर, आयर्लंडमधल्या रॉसकॉमन काउंटीतला हा जमीनदारांचा वाडा. स्वयंपाकघराला वरून लाकडी सज्जा आहे. मालकीणबाई तिथे उभ्या राहून आठवड्याच्या जेवणाची यादी खाली टाकत, असं गाइडने सांगितलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे मीठ चाखायलाही खाली उतरायचं नाही!" पुढे भुयार दाखवलं. नोकरांची ये-जा घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून खास बांधलेलं. त्यावर मात्र त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

हे मॅहन घराणं. सतराव्या शतकात इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या आयर्लंडवरच्या स्वारीनंतर जमिनींची जी उलथापालथ झाली, तीत यांना इथली जमीन मिळाली. 1730 च्या दशकात घराला आजचं रूप आलं; आराखडा रिचर्ड कॅसल्सचा मानतात. डब्लिनमधलं लेन्स्टर हाउस, जिथे आज आयर्लंडची संसद भरते, तेही त्याचंच. 1800 मध्ये आयर्लंडची स्वतःची संसद गुंडाळण्याच्या बाजूने उभं राहिल्याबद्दल घराण्याला लॉर्ड हार्टलंड ही पदवी मिळाली. तिसरे लॉर्ड वेडे ठरले, कारभार कोर्टाकडे गेला, खंडाची थकबाकी साचत राहिली. ते 1845 मध्ये वारले आणि सुमारे अकरा हजार एकर मेजर डेनिस मॅहनच्या पदरात पडले. त्याच वर्षी बटाट्यावर रोग आला, गरिबांचं मुख्य अन्नच नासलं आणि आयर्लंडचा मोठा दुष्काळ सुरू झाला.

आता या वाड्याच्या कचेरीत पुढे सापडलेले कागद. ऑगस्ट 1846 मधला क्लूनाही गावच्या कुळांचा अर्ज मी दोनदा वाचला. बटाटे कुजलेत, घरात दाणा नाही, पोरंबाळं डोळ्यांदेखत रडतात, ते आता बघवत नाही. आम्हाला काम द्या, असं मागणं. भाषा अदबीची, पण शेवटाकडे आवाज चढत जातो. माझे आजोबा कूळच होते, 1957 पर्यंत दुसऱ्याची जमीन कसली, म्हणून असेल कदाचित. पण तो चढलेला आवाज मला लगेच ओळखू आला.

मालकाच्या कारभाऱ्याने वेगळाच हिशेब मांडला. वर्षाला चार पौंडांखाली मूल्य धरलेल्या जमिनीवरची गरीबपट्टी, म्हणजे गरिबांना पोसण्यासाठीचा कर, कुळाने नाही, मालकाने भरायची असा कायदा होता. म्हणजे जितकी लहान कुळं जास्त, तितका मालकाला भुर्दंड जास्त. त्यांना वर्षभर वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबखान्यात, पोसण्यापेक्षा बोटीचं भाडं देऊन कॅनडाला धाडणं स्वस्त पडत होतं. मे 1847 मध्ये 1,490 माणसं रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली. वाटेत कुणी पळू नये म्हणून सोबत मालकाचा माणूस. डब्लिनहून लिव्हरपूल, तिथून क्वेबेक. 'व्हर्जिनियस' जहाजावर 476 जण होते, त्यांतले 158 समुद्रातच गेले.

2 नोव्हेंबर 1847 ला संध्याकाळी घरी परतताना मेजरला गोळी घातली. दोघांना फाशी झाली. त्यानंतर इस्टेटीवरून आणखी कितीतरी कुळं उठवली गेली. 'मेजर बिचारा स्वतःच कर्जात होता' हे तिथे ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. पण कर्जात बुडालेल्याच्या स्वयंपाकघराला सज्जा होता, आणि कुळांच्या झोपडीला खिडकी असली तरी नशीब.

पुढची गोष्ट बऱ्याच आयरिश वाड्यांची तीच आहे. 1879 मध्ये लँड लीग ही कुळांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली, खंड अडला. 1903 च्या विंडहॅम कायद्याने कुळांना जमीन विकत घेता यावी म्हणून सरकारने पैसे पुढे केले, मालकांना वर 12 टक्के बक्षिशी दिली, आणि कुळांनी ते साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे असं ठरलं. जमीन गेली की वाड्याचं छप्पर कशाच्या जिवावर सांभाळणार? 1920 ते 1923 च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि यादवीच्या धामधुमीत अनेक वाडे जाळलेही गेले. हा वाचला.

1979 मध्ये जिम कॅलरी या गावातल्याच गॅरेजवाल्याने तो विकत घेतला, कारण धंद्याला जागा हवी होती. कचेरीत शिरल्यावर त्याच्या हाती जे कागद लागले, त्यांत तो क्लूनाहीचा अर्ज होता. रद्दी म्हणून पेटवून दिली असती तर कुणी विचारलंही नसतं. त्याने पन्नास हजारांहून अधिक कागद जपले, आणि 1994 मध्ये तबेल्याच्या जागेत दुष्काळाचं संग्रहालय सुरू झालं.

जाणार असाल तर वाडा आणि संग्रहालय दोन्हींचं तिकीट काढा. नुसता वाडा बघून परतलात तर मॅहन मंडळींचं फर्निचर झकास होतं, एवढंच कळेल.